ओढीचा आकडा

नागपूरच्या यात्री-सुरक्षा केंद्रात वैजयंती निगुडकर रोज कामाला बसण्याआधी संकटमापक यंत्राला एकच प्रश्न विचारी : मी सेलिमला गेले तर? पडद्यावर ब्याऐंशीचा लाल आकडा उमटे. म्हणजे तिच्यासारख्या शंभर जणी गेल्या, तर त्यांतल्या ब्याऐंशी परतायच्या नाहीत. खाली सल्ला असे : जाऊ नका.

सेलिम हे कर्दान देशातलं, युद्धानं पोळून निघालेलं शहर. वैजयंतीची मुलगी सावनी तिथल्या रुग्णालयात शल्यविशारद होती. जखमी कोणत्या बाजूचा हे न विचारता ती शस्त्रक्रिया करी, आणि म्हणून दोन्ही बाजूंच्या डोळ्यांत खुपे. शहराचे दूरध्वनी बंद पडल्यापासून तिचा आवाज आईच्या कानावर आला नव्हता.

केंद्रात नव्यानं आलेला गणिती इम्तियाज मुजावर एकदा म्हणाला, "ताई, काल एका पत्रकारानं सेलिमबद्दल विचारलं. त्याला तीस मिळाले. तुम्हाला ब्याऐंशी. शहर तेच, रस्ता तोच. यंत्र चुकतंय का?"

"नाही रे. आपलं यंत्र नुसते तोफगोळे मोजत नाही, जाणारा माणूसही मोजतं. गोळीबार सुरू झाला की पत्रकार मागे फिरेल. मी फिरणार नाही. सावनी असेल त्या गल्लीत शिरेन. ही जी ओढ आहे, ती यंत्र जोखमीत मिळवतं."

"पण सावनी तिथेच आहे, हे त्याला कसं कळतं?"

"उपग्रहांची नजर, फौजांचे संदेश, सगळं त्याच्याकडे येतं. माणसं कुठे आहेत ते त्याला ठाऊक असतं, पण ते कुणालाही सांगत नाही. मलासुद्धा नाही. त्याच अटीवर दोन्ही फौजांनी आपल्याला माहिती दिली. यंत्र बांधलं तेव्हा ती अट मीच लिहिली होती."

पावसाळा सरता सरता एका सकाळी तिनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि उत्तर आलं, तीस.

इम्तियाजचा चेहरा खुलला. "उतरला की आकडा, ताई!"

वैजयंतीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "आज तू विचार बरं सेलिमचं."

त्यालाही तीसच आले.

"बघ. लढाई तशीच चालू आहे, मीही तशीच आहे. माझी ओढ तेवढी गळाली. म्हणजे सावनी आता सेलिममध्ये नाही."

ती कुठे गेली असेल, की आता कुठेच नसेल, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही. वैजयंतीनं कर्दानचा नकाशा उघडला. एकेका गावाचं नाव घेऊन आधी इम्तियाज विचारी, मग ती. सीमेवरचं मारवाज : दोघांना सारखाच आकडा. राजधानी : सारखाच. बंदर, मिठागरं, निर्वासितांच्या छावण्या, सगळीकडे सारखाच. जेवणाचे डबे तसेच राहिले. प्रत्येक गावागणिक तिचा आवाज बारीक होत गेला.

शेवटी घोरून खोरं उरलं. सगळ्यात भीषण लढाई तिथेच चालली होती. इम्तियाजला एकेचाळीस मिळाले.

तिनं विचारलं. शहाण्णव.

त्या लालभडक आकड्याकडे पाहत ती हसली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. "आहे," ती म्हणाली. "माझी पोर आहे."

इम्तियाजनं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. ती शांत झाल्यावर त्यानं विचारलं, "जाणार?"

तिनं पेला बाजूला सारला. म्हणाली, "आपण तिला किती सहज शोधलं, इम्तियाज."

त्याला उमगलं. सावनीच्या जिवावर उठलेल्यांना तिचा ठावठिकाणा विचारायची गरजच नव्हती. आईला धरून आणायचं आणि गावोगावचा सल्ला विचारायला लावायचं, एवढं पुरे होतं. आणि जगात सावनी काही एकटी नव्हती.

"मग ओढ काढून टाकू या हिशेबातून," तो म्हणाला. "सगळ्यांना पत्रकाराचाच आकडा देऊ."

"म्हणजे उद्या एखादी आई एकेचाळीस पाहून हिंमत करून निघेल आणि मरेल. ते नको. उलट करू. विचारणारा कुणीही असो, त्याचं काळीज तिथेच अडकलंय असं धरून चालू. सगळ्यांना आईचाच आकडा देऊ."

"पण मग तुम्हाला पुन्हा कधीच कळणार नाही, ताई. ती कुठे आहे, कशी आहे..."

"ठाऊक आहे."

त्या आठवड्यात तिनं स्वतःच्या हातानं सूत्र बदललं. कर्दानला निघालेले व्यापारी कुरकुरले, काहींनी बेत रद्द केले. घोरूनचा आकडा आता सगळ्यांनाच शहाण्णव येऊ लागला.

वैजयंती मात्र रोज सकाळी विचारतच राहिली. सेलिम, मारवाज, राजधानी, बंदर, घोरून. प्रत्येक गाव लाल होई, प्रत्येक गाव तिला सांगे, येऊ नकोस. जणू प्रत्येक गावात सावनी होती.