उराशी धरायची उशी

दवाखान्यात माणूस ठेवला की घरच्या बाईला सतत काही ना काही आणायला सांगतात. थर्मास आणा, टॉवेल आणा, जुने रिपोर्ट आणा. त्यामुळे नवऱ्याचं, सुरेशचं, बायपास झाल्यावर नर्सनं उशी मागितली, तेव्हा मंजूषाला त्यात विशेष काही वाटलं नाही.

"छोटा तकिया चाहिए, थोड़ा सख़्त," नर्स म्हणाली. "खाँसी आए, उठना-बैठना हो, तो सीने से कसकर पकड़ना है. छोड़ना नहीं है."

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच समजावलं होतं. छातीच्या मधोमध एक चपटं उभं हाड असतं, दोन्हीकडच्या बरगड्या त्यालाच येऊन मिळतात. ते गळ्याखालच्या खळगीपासून पोटावरच्या टोकापर्यंत उभं कापायचं, आत काम करायचं आणि मग दोन्ही भाग स्टीलच्या तारेनं बांधायचे. हाड सांधेपर्यंत जोराचा खोकलासुद्धा नको. उशी असते ती त्यासाठी, बाहेरून दाब द्यायला.

मंजूषानं नणंदेला फोन लावला. शकुंतलाताई राहायच्या आनंद नगरला, पण सुरेशच्या शिवाजी नगरच्या क्वार्टरची एक किल्ली कायम त्यांच्या पर्समध्ये असायची. मंजूषाला ते कधी आवडलं नव्हतं. आज मात्र ती किल्ली कामी आली.

"ताई, कपाटात वरच्या फळीवर उशा आहेत. कुठलीही छोटी आणा."

मग दुपारी ती खाली चहा प्यायला गेली. परत आली तेव्हा सुरेश लाल खणाची खोळ असलेली एक गोल उशी उराशी कवटाळून झोपला होता. फोन करताना ती उशी तिच्या डोक्यातच आली नव्हती, आणि नेमकी तीच यायला नको होती. कारण त्या उशीत नलिनी होती.

म्हणजे नलिनीचा टाक होता. नलिनी ही सुरेशची पहिली बायको. ती तापानं गेली आणि काही वर्षांनी मंजूषा या घरात आली. लग्नाच्या दिवशीच शकुंतलाताईंनी रिवाजाप्रमाणे सवतीचा टाक काळ्या दोऱ्यात ओवून नव्या नवरीच्या गळ्यात घातला. चांदीचा रुपयाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक उभी बाई. "मागलीचा मान राखावा लागतो गं," ताई म्हणाल्या होत्या. "नाहीतर ती सुखानं नांदू देत नाही."

मंजूषाच्या छातीचं हाड जन्मापासून मध्ये खोल गेलेलं. शाळेतल्या मुली त्याला वाटी म्हणून चिडवायच्या. तो टाक त्या वाटीत इतका चपखल बसला की माप घेऊन केल्यासारखा वाटावा. पहिल्या रात्री सुरेशनं त्या टाकावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच राहू दिलं. मंजूषा श्वास रोखून वाट बघत होती. मग तो कूस बदलून झोपला.

मेलेल्या बाईचा कसला हेवा करायचा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी एकदा करून बघावा. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं, तिची भाजी खारट झाली म्हणून हसता येतं. या बाईची भाजी आता कधीच खारट होणार नव्हती. सुरेश वाईट वागायचा नाही. पगार हातात द्यायचा, हौसेनं बाजारात न्यायचा. फक्त तिच्या केसांवरून त्यानं कधी हात फिरवला नव्हता, आणि मंजूषाला नेमकं तेवढंच हवं होतं.

शेवटी तिनं टाक गळ्यातून काढला. तलावात टाकायचा धीर झाला नाही. देवघरात ठेवला तर सुरेश रोज सकाळी हात जोडणार, तेही सोसवेना. म्हणून तिनं तो दोऱ्यासकट एका उशीच्या कापसात खुपसला, वरून दुहेरी शिवण घातली आणि उशी वरच्या फळीवर ढकलली. ताईंनी विचारलं तेव्हा लॉकरमध्ये आहे म्हणून ठोकून दिलं.

आणि आता तीच उशी त्याच्या कापलेल्या हाडावर होती. उशी बदला म्हणावं तर का, हे कुणाला सांगणार?

सुरेश घरी आला. थंडीचे दिवस होते. सकाळी धुक्यात समोरची क्वार्टर्स दिसायची नाहीत, पण दुपारी खाटेवर छान ऊन यायचं. तो उशी धरून उन्हात पडायचा. जेवताना ती मांडीवर, उठताना उराशी. हळूहळू मंजूषाच्या लक्षात आलं की तो कुशीवर वळला की छातीतून आवाज येतो. कट्. मोडक्या बिजागरीसारखा.

डॉक्टरांनी छातीवर बोटं ठेवून त्याला खोकायला लावलं. त्यांचा चेहरा उतरला. "हड्डी जुड़ नहीं रही. दोनों हिस्से हिल रहे हैं." असंच राहिलं तर छाती पुन्हा उघडावी लागेल, आणि त्याचं हृदय ते सोसेल याची खात्री नाही, असं त्यांनी मंजूषाला बाजूला घेऊन सांगितलं.

त्याच आठवड्यात शकुंतलाताई आल्या. दारातच थबकल्या. "शिकेकाई भिजवलीस का गं?"

"नाही. मी शाम्पू वापरते."

ताईंनी पुन्हा वास घेतला. "नलिनी न्हायची ना रविवारी, तेव्हा घरभर अगदी असाच..." त्या चहा न घेताच गेल्या.

मंजूषाचा संताप संताप झाला. मेली तरी ही नलिनी माझ्या नवऱ्याला सुखानं बरं होऊ देत नाही! त्याच दोन हाडांच्या मध्ये घुसून बसली असणार, म्हणूनच जुळत नाहीत. ती तरातरा खाटेपाशी गेली.

"अहो, उशी द्या. खोळ धुवायचीय."

"नको, मंजू."

"अहो, मळलीय किती!"

"सोडली की उघडेल गं..." तो डोळे मिटूनच बोलला. "धरून ठेवलंय... म्हणून आहे."

"कुणी धरून ठेवलंय?"

उशीवरची त्याची बोटं हलली, थोपटल्यासारखी.

मंजूषा तिथंच उभी राहिली. त्याला गाढ झोप लागल्यावर तिनं उशी हळूच काढून घेतली, स्वयंपाकघरात नेली आणि विळीवर शिवण उसवली. कापूस ओट्यावर पसरला. ओलसर, गार कापूस. उन्हात पडून राहणाऱ्या उशीचा कापूस ओला कसा, हा विचार करायला तिला सवड नव्हती. ती टाक शोधत होती. काळा दोरा सापडला. त्याची गाठ तशीच होती, दोरा कुठंही तुटला नव्हता. टाक मात्र नव्हता.

तेवढ्यात आतून खोकला आला. मग कट्... कट्... आणि सुरेशची हाक.

"नलू... अगं नलू, सुटतंय..."

मंजूषा धावली. तो उठून बसला होता, दोन्ही हात छातीवर, चेहरा पांढराफटक. तिनं मागचापुढचा विचार केला नाही. त्याला मिठी मारली आणि आपली खोलगट छाती त्याच्या छातीवर सगळ्या ताकदीनं दाबली. हाडाची दोन्ही शकलं तिला स्पष्ट हलताना कळली.

"घे," ती दात-ओठ खात म्हणाली. कुणाला, ते तिलाच ठाऊक. "धर त्याला. धर म्हणते ना! तू धर... पण राहू दे."

आवाज थांबला. खोकलाही थांबला. त्याच्या सदऱ्याखालून काहीतरी गोल, गार असं तिच्या वाटीत टेकलं होतं. तिनं सदरा वर करून पाहिलं. टाक्यांचा व्रण सोडून तिथं काही नव्हतं.

काही दिवसांनी जवाहर चौकात एक्स-रे काढला. तिथला माणूस फिल्म घेऊन वैतागून बाहेर आला. "भाईसाहब, बोला था ना, गले में कुछ हो तो उतार दो!"

सुरेश कमरेच्या वर उघडाच होता. गळ्यात दोरासुद्धा नव्हता. फिल्म पुन्हा काढली. तारांच्या बारीक गाठींच्या मध्ये, हाडाच्या ऐन मध्यावर, रुपयाएवढा एक पांढरा गोल पुन्हा आला.

डॉक्टर मात्र खूष होते. "मशीन की गड़बड़ होगी. हड्डी देखिए, कितनी बढ़िया जुड़ी है!"

त्या दुपारी मंजूषानं कित्येक महिन्यांनी त्याच्या छातीवर डोकं टेकवलं. घाबरत, हलकेच. हृदय नीट चालत होतं. खालून गार काहीतरी गालाला लागत होतं, तिकडं तिनं दुर्लक्ष केलं. सुरेशला डुलकी लागली होती. मग त्याचा हात उठला, तिच्या डोक्यावर आला आणि केसांवरून फिरू लागला. सावकाश, मायेनं, वर्षानुवर्षांच्या सवयीचा असावा तसा.

"केस ओलेच आहेत गं अजून, नलू," तो झोपेत म्हणाला. "उन्हात बस जरा."

मंजूषा त्या दिवशी न्हाली नव्हती. तिचे केस खांद्यापर्यंत कापलेले होते. पण त्याचा हात खांद्याच्या खाली, पाठीवरून, थेट कमरेपर्यंत केस कुरवाळत गेला, आणि शिकेकाईच्या वासाचं गार पाणी तिच्या मानेवरून निथळू लागलं.

तिनं डोकं उचललं नाही. त्याचा हात थांबेल या भीतीनं ती हललीसुद्धा नाही.