अकरा गुण

विनिपेगमध्ये त्या सकाळी उणे अठ्ठावीस होतं, पण मारिविकचं डोकं तापलेलं होतं. चार वर्षं याच शहरात इंग्रजीतून सॉफ्टवेअर तपासायची नोकरी केली, आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा तर इंग्रजी येतं हे पुन्हा सिद्ध करा. कमाल आहे या लोकांची.

बोलण्याच्या परीक्षेत दहा-बारा जण फळ्यांच्या आडोशाला बसून एकाच वेळी आपापल्या माईकसमोर बोलतात. प्रश्न आला : नव्या गावी जाणाऱ्या मित्राला सल्ला द्या. मारिविकने तोंड उघडलं, तोच फळीपलीकडून खणखणीत आवाज आला.

"मित्रा, आधी जाड मोजे घे. मग सूप करायला शीक. आणि घरमालकीण कितीही गोड हसली तरी करार वाचल्याशिवाय सही करू नकोस…"

मारिविक ऐकतच राहिली. भानावर आली तेव्हा नव्वदातले चाळीस सेकंद गेले होते.

बाहेर कोटांच्या खुंट्यांपाशी तिने त्याला गाठलं.

"तुमचा तो मित्र बहिरा आहे का?"

"मित्र कुठला… आत्ताच बनवला," तो उंचापुरा माणूस ओशाळून म्हणाला. त्याचं नाव क्वाबेना. घानाहून आला होता आणि घरोघरचे हीटर दुरुस्त करायचा. "पण तुम्ही ऐकत होतात तर."

"ऐकत नव्हते. ऐकू येत होतं."

"मग कॉफी पीत भांडू या? इथे दार उघडलं की वारा येतो."

दोन कॉफ्या झाल्या तरी भांडण संपेना, म्हणून पुढचा शनिवार ठरला.

मग वर्षभर हव्या असलेल्या कामांच्या सरकारी यादीने दोघांचा छळ मांडला. कॅनडा गुण मोजून माणसं निवडतो, आणि मधूनच जाहीर करतो की आता अमुक कामाची माणसं हवीत. मारिविक मनिलाहून निघाली तेव्हा संगणकवाले हवे होते. तिची कागदपत्रं जमेपर्यंत नर्स हव्या झाल्या. मग फ्रेंच बोलणारे. तिने तीन महिने नाकातून फ्रेंच घोकलं, तोवर सुतार आणि वेल्डर आले. क्वाबेनाचं काम यादीत आलं, त्याने वैद्यकीय तपासणीची वेळ घेतली, आणि ते यादीतून गेलंसुद्धा. एकाने वैतागून फोन करावा, तर दुसरा आधीच वैतागलेला असायचा.

तिच्या एकतिसाव्या वाढदिवसाला तो केक घेऊन आला आणि ती रडकुंडीला आली. तिशीनंतर प्रत्येक वाढदिवसाला गुण कापतात; त्या दिवशी सहा गेले होते. क्वाबेनाने मेणबत्त्या गुपचूप खिशात घातल्या. दीर्घायुष्यासाठी खातात त्या लांबच लांब नूडल्स, पन्सित, तिने रागारागाने तोडून वाढल्या. त्या खाऊन त्याने तिच्या खोलीतला हीटर दुरुस्त केला. हीटर बिघडलेला नव्हता.

प्रेमाचा विषय मात्र कोणी काढत नव्हतं. लग्न केलं की स्वतःचे काही गुण कापून त्या जागी जोडीदाराचं शिक्षण धरतात, आणि क्वाबेनाकडे पदवी नव्हती. मारिविकने एकदा चोरून आकडे भरून पाहिले. तो नवरा झाला तर तिचे अकरा गुण जात होते. असं कुणी मोजतं का, म्हणून तिला स्वतःचीच चीड आली.

मारिविकचं कामाचं परमिट संपायला तीन महिने उरले. बोलण्यात पूर्ण गुण मिळाले तरच आशा होती, म्हणून तिने पुन्हा परीक्षा दिली. तीच खोली, आणि शेजारी क्वाबेना. त्याने तीच तारीख का घेतली ते सांगायला तो तयार नव्हता.

प्रश्न आला : कठीण निर्णय घ्यायचा असलेल्या मैत्रिणीला सल्ला द्या.

या वेळी त्याचा आवाज हळू होता. तरी तिला ऐकू आला.

"माझी एक मैत्रीण आहे… तिने माझ्याशी लग्न केलं तर तिचे अकरा गुण जातील. मी मोजून पाहिलंय, म्हणूनच वर्षभर गप्प बसलो. माझं प्रेम आहे तिच्यावर. पण तिने आधी तिचा कागद मिळवावा. मी थांबेन."

म्हणजे यानेही मोजलं होतं. मारिविकला त्या यादीचा राग आला, गुणांचा आला, सगळ्यात जास्त याचा आला. सेकंद चालले होते. ती माईककडे वाकली.

"माझा एक मित्र आहे, तो गाढव आहे. वर्षभर माझा चांगला हीटर दुरुस्त करतो आणि मनातलं मशीनला सांगतो. त्याला माझा सल्ला असा की, माझ्या वतीने निर्णय घेऊ नये…"

नव्वद सेकंद ती एकदाही न अडखळता बोलली.

आठ दिवसांनी निकाल आला. तिने लगेच फोन केला.

"बोलण्यात पूर्ण मिळाले. मागच्या वेळी जितक्या गुणांवर निवड थांबली, त्याच्या चार वर आहे मी."

"मग आता काही करू नकोस," तो म्हणाला. "जागची हलूसुद्धा नकोस."

"यादी उद्या परत बदलेल, क्वाबेना. मला तिच्यामागे धावायचा कंटाळा आलाय. परमिट संपलं आणि मनिलाला जावं लागलं, तर येशील?"

"तिथे हीटर नसतात ना?"

"नसतात."

"मग एसी दुरुस्त करीन."

मारिविकने डोळे पुसले.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माझे अकरा वजा कर."