भिंतीकडची बाजू

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे खरंच घडलंय. चालातेनांगोजवळच्या आमच्या गावात, गेल्या मार्चमध्ये, भर दुपारी. एदेनिल्सन माझा शेजारी. सगळं त्याच्या तोंडून ऐकलं, आणि शेवटचं तर माझ्या कानांनी.

तो व्हिडिओ गेमच्या मॉडसाठी, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये घातलेल्या भरीसाठी, हत्यारं बनवतो. संगणकावर आकार घडवायचा, त्यावर गंज, ओरखडे, लाकडाचा रंग चढवायचा आणि खेळणाऱ्यांना फुकट वाटायचं. त्या वेळी त्याने आजोबांचा कोयता बनवायला घेतला होता.

आजोबा त्याआधीच्या ऑगस्टमध्ये गेले. मेलेल्या माणसाचा कोयता वर्षाची प्रार्थना होईपर्यंत भिंतीवरून उतरवायचा नाही, ही त्या घराची रीत. म्हणून त्याने टांगलेल्या कोयत्याचेच फोटो काढले. एका बाजूचे. भिंतीकडच्या बाजूला तेच टेक्स्चर, म्हणजे पात्याचं चित्र, उलटवून लावलं. सगळेच असं करतात. कोण बघतंय?

सांता आना शहरातली यानिरा त्याचे मॉड तपासून द्यायची. तिचा फोन आला.

"अरे, हा तिलो कोण? त्याचं नाव कशाला कोरलंस?"

त्याने पडद्यावर कोयता फिरवला...

दुसऱ्या बाजूला खिळ्याने कोरल्यासारखं नाव होतं. तिलो.

पहिल्या बाजूला काहीच नव्हतं. आणि असतं, तरी उलटवलेल्या चित्रात अक्षरं उलटी आली असती.

ही सुलटी होती.

तिलो म्हणजे त्याचा मामा. अकरा वर्षांपूर्वी कामासाठी उत्तरेला, सीमेपलीकडे निघालेला. आजोबा सांगायचे, मीच त्याला पहाटेच्या बसमध्ये बसवलं, वाटेत असावा म्हणून त्याने स्वतःचा कोयता बरोबर नेला. त्यानंतर मामाचा एकही फोन नाही. एदेनिल्सनच्या आईने मात्र नंबर कधी बदलला नाही. न्हाणीतसुद्धा फोन बरोबर न्यायची.

त्याने नाव पुसलं. फाइल पुन्हा उघडली...

नाव होतं.

मागून आवाज आला. खर्र... खर्र... दगडावर पातं घासल्यासारखा. भिंतीतून.

कोयत्याखाली रोज झोपणारा कुत्रा जागेवर नव्हता. तो विहिरीपलीकडच्या पडीक तुकड्यात बसला होता, जमिनीला नाक लावून.

आईला कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. ती त्या फोनच्या आशेवर जगत होती. पण पडदा बंद करायच्या आत ती पुपुसांची, सारण भरलेल्या मक्याच्या भाकरींची, ताटली घेऊन मागे उभी होती.

"तिलोचं अक्षर असंच शेवटाला खाली घसरायचं," ती म्हणाली. मग तिने स्टूल ओढलं.

"आई, वर्ष व्हायचंय अजून."

"रीत बाबांच्या कोयत्याची आहे. हा कुणाचा, ते बघू दे."

तिने कोयता उतरवून उलटा केला. गंजाखाली तेच नाव होतं. ती रडली नाही. नाव दिसेल असा तो परत टांगला.

फाइलमधलं नाव त्या दिवसापासून गेलं. आवाज मात्र थांबला नाही...

आता तो विहिरीपलीकडून येतो. कपडे वाळत घालताना मीही ऐकलाय. त्या तुकड्यात आजोबांनी अकरा वर्षं मका लावला नव्हता. विचारलं की म्हणायचे, माती थकलीय.

एदेनिल्सनने कुदळ उचलली, तेव्हा आई दारात आडवी आली.

"खणलं नाही, तोवर तो वाटेतच आहे."

फोन आजही तिच्या हातात असतो. मी त्या बाजूच्या दोरीवर कपडे घालणं सोडलंय.