समोरची कड

नाणं वाकडं झालं की ते दुर्मिळ झालं, असं लोकांना वाटतं. बसच्या चाकाखाली चेपलेली, कपडे धुण्याच्या मशीनमध्ये घासून गुळगुळीत झालेली, कुणीतरी हातोड्याने बडवलेली नाणी ते रुमालात बांधून आणतात. मी "हे मोडलेलं आहे" म्हटलं, की माझ्याकडे असं बघतात जणू मीच मोडलं. "जन्मतः चुकलेलं नाणं वेगळं आणि नंतर मार खाल्लेलं वेगळं," हे मी दुकानात इतक्यांदा बोलले आहे, की झोपेतही बडबडत असेन.

दुकान वडिलांचं. ते गेल्यावर माझ्याकडे आणि धाकट्या भावाकडे आलं. आई त्याला सोन्या म्हणते. माझ्या लेखी पितळ.

त्या सकाळी मागच्या खोलीत, त्याच्या टेबलावर मला धातूचा कीस दिसला. त्यात एक नाणं पडलेलं. कडेला कुणी दाताने तोडावा तसा, चंद्रकोरीच्या आकाराचा घास.

"हे कुठलं?"

"सापडलं."

"सापडलं? कीस अजून गरम आहे, मेल्या!"

तो हसला. त्याचं ते हसू लहानपणापासून माझं डोकं फिरवतं.

"ताई, असली नाणी लोक शोधत फिरतात. आपण देतो. कुणाचं काय बिघडलं?"

मी नाणं भिंगाखाली धरलं. असा घास टांकसाळीत खरोखर पडतो. पत्रा पुढे सरकायला चुकला, की आधीच्या भोकावरच पुन्हा काप बसतो आणि चकती अपुरी निघते. पण नंतर त्या चकतीची कड दाबून उठवतात, तेव्हा घासाच्या बरोबर समोर दाब पुरत नाही. तिथली कड बसकी राहते. जन्मतः काही कमी असलं, तर समोरच्या बाजूला ते कळलेलं असतं. मागाहून कापलं, तर समोरची कड ठणठणीत उभी असते. काही कळलेलंच नसतं तिला.

ह्या नाण्याची कड ठणठणीत होती.

"अजून कुणाला दिलंस?"

"दाताच्या डॉक्टरांना. कालच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते डॉक्टर वडिलांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. ह्या दुकानात डोळे मिटून माल घ्यायचे. मी नाणं खिशात कोंबलं आणि त्यांना फोन लावला.

दुपारी ते आले. मी आधीच माफी मागितली. ते गोंधळले.

"अहो, पण खोटं कुठे आहे? मी नीट पाहिलंय. तुम्हीच पाहा."

पाहिलं. घासाच्या समोर कड बसकी होती. अक्षरं तिथवर येता येता विरत गेलेली, सहज, जशी खऱ्यात विरतात.

"थांबा," मी म्हटलं, "हे बघा, सोन्यानेच केलेलं दुसरं. ह्याची कड बघा म्हणजे फरक कळेल."

मी खिशातलं नाणं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. डॉक्टरांनी भिंग लावलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.

तीही कड बसली होती.

"तुमच्यावर कामाचा ताण आहे," ते जाताना हळूच म्हणाले. त्या कणवेचा मला जास्त राग आला. सोन्या दाराला टेकून उभा होता, लोणी खाल्लेल्या मांजरासारखा.

"काप," मी म्हणाले. "माझ्यासमोर काप."

त्याने साधं, नवं नाणं त्याच्या टेबलावरच्या, पत्रा कापायच्या कटरमध्ये धरलं. मी आधी ते फिरवून पाहिलं होतं. कड सगळीकडून सारखी. त्याने दांडा ओढला, तुकडा टेबलावर उडाला. मी भिंग काढलं नव्हतं, पापणीही हलवली नव्हती.

समोरची कड खाली बसली. कुणी हात लावला नाही. दुधावरची साय खाली जावी तशी ती आपली आपण बसली.

सोन्यानेही पाहिलं. आणि तो आनंदाने ओरडला, "म्हणजे ताई, आपण खोटं विकतच नाही!"

"बंद कर ते!"

"का? सांग ना, का? कुठल्याही भिंगाखाली खरंच आहे हे!"

"तू कापलंस! मी पाहिलंय तू कापलंस!"

"तू पाहिल्याने काय होतं?" त्याने दुसरं नाणं आत सरकवलं. "आयुष्यभर मला चोर ठरवत आलीस तू. बाबा असते तर—"

"बाबांचं नाव घेऊ नकोस!"

माझ्याकडे बघत, माझ्यावर ओरडतच त्याने दांडा ओढला.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

डाव्या हाताची तर्जनी. मी माझी ओढणी गुंडाळली, त्याला रिक्षात घातलं. रक्त ओढणीतून माझ्या मनगटावर आलं. ते ऊन होतं. तो आधी किंचाळत होता. वाटेत कण्हायला लागला. मग गप्प झाला. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना शीळ घालत होता.

डॉक्टरीणबाईंनी ओढणी सोडली. ओढणी कोरडी होती. स्वच्छ होती.

बोट मधल्या पेरापाशी संपत होतं. टोकाला गुळगुळीत कातडी. त्यावर तांदळाएवढं नख.

"तक्रार काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बोट तुटलंय! आत्ता, अर्ध्या तासापूर्वी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हे जन्मतः आहे." त्यांनी त्याचा उजवा हात हातात घेतला, तिथली तर्जनी दाबून पाहिली. ती बारीक होती, नख चपटं, पेरावरच्या रेषा विरलेल्या. "हे बघा, ह्या बाजूलाही थोडं कमीच राहिलंय."

"ताई," सोन्या खरोखर काळजीने म्हणाला, "तू मला इथे का आणलंस?"

मी घरी आले ती भांडायच्या तयारीनेच. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, सोन्याला बोटं किती? नीट सांग. किती होती?"

"हे काय आता नवीन?" आई चिडली. "बिचाऱ्याला लहानपणी पोरं चिडवायची तेवढं पुरे नव्हतं का? घरातच सुरू कर तू आता."

"धडधाकट होतं ते बोट! आज सकाळपर्यंत होतं! मी वेडी आहे का?"

आई उठली. कपाटाच्या तळातून एक पिशवी काढून तिने माझ्या अंगावर फेकली. आत लोकरीचे हातमोजे होते, पाचसहा वर्षांच्या मुलाच्या मापाचे, पिवळट पडलेले. डाव्या मोज्याचं एक बोट अर्ध्यावर बंद केलेलं.

कुणीतरी नंतर कापून शिवलं असणार. मला दुसरं काही सुचेना. मी खिडकीशी गेले, मोजा उलटा केला, भिंग लावलं. एकही टाका कापलेला नव्हता. पहिल्या फेऱ्यापासूनच ते बोट आखूड विणत आणलं होतं.

मग मी ते उसवायलाच बसले. रागाने नखाने धाग्याचं टोक शोधलं. टोकाला गाठ नव्हती. ते दोनदा पिळून मागच्या टाक्यात सरकवलं होतं. आमच्या घरात धागा असा फक्त मी संपवते.