दुसरी सही

रविवारी दुपारी, भांडी घासून झाल्यावर, बाबाने लॅपटॉप उघडला. आठवडाभर सकाळच्या पाळीत लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघून त्याचे डोळे चुरचुरत होते आणि अंग असं जड झालं होतं की खुर्चीत टेकतानाही कण्हावंसं वाटावं. पण आता टाळून चालणार नव्हतं. मुंगीच्या ईमेल खात्यात कित्येक वर्षांत कोणी डोकावलेलं नाही, महिनाअखेरीला ते पुसलं जाईल, अशी सूचना दोनदा येऊन गेली होती.

मुंगी म्हणजे त्याची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी. आता येत्या तीस तारखेला बारा पूर्ण करणार, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ती आठ दिवसांची असताना आईने तिच्यासाठी हे खातं काढलं. दर वाढदिवसाला दोघांनी एकेक पत्र त्यात टाकायचं आणि ती बारा वर्षांची झाली की सगळी एकदम तिच्या हातात द्यायची, असं ठरलं. आईने चार पत्रं लिहिली. पाचव्या वाढदिवसाआधीच ती गेली. बाबाने एकही लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत राहिला, आणि नंतर तर धीरच झाला नाही.

मुंगीसाठी आईचं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच, आणि ते कुलपात होतं. कुलूपसुद्धा दोघांनीच करून ठेवलेलं. दोघं एकाच रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. तिथे काचपट्टी एकाने वाचायची, दुसऱ्याने पुन्हा वाचायची, आणि दोन सह्या झाल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जायचा नाही. पहिली सही तिची, दुसरी याची. सहीपुढे तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ टाकायची खोड अख्ख्या लॅबमध्ये याला एकट्याला. ती त्याला ‘पोस्टाचा शिक्का’ म्हणून चिडवायची. घरीही त्यांनी तोच शहाणपणा केला. पासवर्डचा पुढचा अर्धा भाग त्याने ठरवला, मागचा तिने, आणि एकमेकांना सांगायचा नाही. कोणीतरी एक आधी जाईल, हे दोघा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

“बाबा, उघडलं का?” आतल्या खोलीतून मुंगीने विचारलं. सकाळपासून चौथ्यांदा.

“उघडतंय गं. धीर धर.”

‘पासवर्ड विसरलात?’ यावर त्याने बोट दाबलं. त्याच्या मेलवर कोड आला. तो टाकल्यावर एक प्रश्न समोर आला, आईने स्वतः लिहून ठेवलेला: दुसरी सही कोणाची?

त्याने स्वतःची आद्याक्षरं टाकली आणि खातं उघडलं. इतकं हायसं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

पत्रं बारा होती.

त्याने पुन्हा मोजली. सगळी आईच्या पत्त्यावरून आलेली, दर वर्षी तीस तारखेला, सकाळी सहा चाळीसला. पाळीला निघण्याआधी ती उभ्याउभ्या चहा घ्यायची, ती वेळ. आजारपणात पुढची पत्रं लिहून तारखा लावून ठेवली असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. तिचा स्वभावच तसा, सगळं आधी उरकून ठेवायचा. मात्र बारावं पत्र येत्या तीस तारखेचं होतं. ते आजच कसं येऊन पडलं, हे त्याला कळेना. त्याने लॅपटॉपचं घड्याळ तपासलं. बरोबर होतं.

तो पहिल्यापासून एकेक पत्र वाचत गेला. प्रत्येकाखाली रिपोर्टसारख्या दोन ओळी होत्या. पहिली सही, तिची आद्याक्षरं. दुसरी सही: बाकी. ते ‘बाकी’ वाचताना त्याला स्वतःची लाज वाटली.

नवव्या पत्रात लिहिलं होतं: “छत्री चोरीला गेली असं तू बाबाला सांगितलंस. बसमध्ये विसरलीस ना, मुंगे? सांगायचं होतंस. तो रागावला नसता.”

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याने हाक मारली. “मुंगे, तुझी ती पिवळी छत्री. चोरीलाच गेली होती ना?”



“बसमध्ये राहिली,” आतून ती म्हणाली. “तुला कोणी सांगितलं? मी कोणालाच नव्हतं सांगितलं.”

“असंच विचारलं.”

एक तपासणी झाली. त्याने बारावं पत्र उघडलं.

“मुंगे, आज बारा वर्षांची झालीस. आत्याकडच्या मागच्या खोलीत झोप येत नसेल तर खिडकी उघडी ठेवत जा. तिथे सकाळी छान ऊन येतं. रडावंसं वाटलं तर रड. बाबाची काळजी करू नकोस. तो आता दमलेला नाही.”

 ताईच्या मागच्या खोलीला खिडकीच नव्हती. अडगळीची अंधारी खोली ती. त्याने फोन लावला.

“ताई, तुझ्या मागच्या खोलीला खिडकी नाही ना?”

“नव्हती. परवाच गवंड्याकडून भिंतीत पाडून घेतली. सकाळी काय ऊन येतं म्हणून सांगू! पण तुला कसं कळलं रे? मी अजून कोणाला बोललेच नाही.” ती थांबली. “तुझा आवाज असा का येतोय? बरं नाही का?”

“दमलोय फक्त.”

फोन ठेवून त्याने पत्र खाली सरकवलं.

पहिली सही, तिची.

दुसरी सही बाकी नव्हती.

तिथे त्याची आद्याक्षरं होती. पुढे तारीख, पुढे वेळ. गुरुवार, २६. दुपारी २.२०.

“बाबा?” मुंगी दारात उभी होती. “उघडलं ना? किती आहेत?”

त्याने झाकण अर्धं खाली केलं. “आईची चार.”

“आणि तुझी?”

त्याने मनातल्या मनात मोजलं. आज रविवार, २२. मग सोमवार, मंगळवार, बुधवार.

“माझीही चार होतील,” बाबा म्हणाला, आणि पहिलं लिहायला बसला.