जोडीचा हात

शाळेच्या छोट्या नाट्यगृहाचा इतिहास लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं ते निव्वळ अक्षर चांगलं म्हणून. लग्नाला दीड महिना, नोकरीला एक. मोठ्या बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. नवरा त्याच शाळेत वायरमन. त्यालाही नाट्यगृहाच्या फळ्यांखालून दिव्यांची वायर ओढायची होती, म्हणून दुपारी दोघं मिळूनच आले.

नाट्यगृह म्हणजे मूळचा पोहण्याचा हौद. चाळीस वर्षांपूर्वी पाणी काढून वर फळ्या ठोकल्या, खुर्च्या मांडल्या, झालं.

"म्हणजे प्रेक्षक खोल पाण्यात बसतात," फळ्यांमधल्या झडपेतून शिडीवरून खाली उतरता उतरता तो म्हणाला. "उगाच नाही इथली नाटकं बुडत."

"उतरा नीट. विनोद नंतर."

फळ्यांमधून खाली हाक पोचत नसे. म्हणून खेळाच्या बाईंची शिट्टी मागून आणलेली. तिने वाजवायची, त्याने पकडीने फळीवर एकदा ठोकायचं. म्हणजे सगळं ठीक.

ती पहिल्या रांगेत हौदाची जुनी वही उघडून बसली. थोड्या वेळाने शिट्टी वाजवली. टक. पुन्हा काही पानं, पुन्हा शिट्टी. टक... आणि मागोमाग आणखी एक, हलकंसं, अगदी तिच्या पायाखाली. तो तर पार पलीकडच्या टोकाला होता.

तिने तिसऱ्यांदा वाजवली. काहीच नाही. फटींतून औषध टाकलेल्या पाण्याचा वास मात्र वर यायला लागला.

मांडीवरच्या पानावर हौदाचे नियम होते. 'शिट्टी होताच प्रत्येकीने जोडीदारणीचा हात धरून वर करावा. जोडीदारीण नसल्यास जवळच्या कुणाचाही धरावा.' खाली, घाईच्या अक्षरात शेवटची नोंद: 'एकीची जोडीदारीण गैरहजर. शिट्टीला त्या एकटीचा हात वर आला नाही. हौद बंद.'

आपण तीनदा वाजवली... बॅटरी घेऊन ती शिडीच्या तोंडाशी वाकली.

कोरड्या हौदात, सर्वांत खोल कोपऱ्यात, तो पाठमोरा उभा होता. डावा हात सरळ वर ताणलेला.

"अहो... हात खाली घ्या."

"घेतोय ना," तो अगदी हळू म्हणाला. "येत नाहीये. पेटका आलाय बहुतेक."

"तसेच या. या आधी वर."

तो एका हाताने शिडी चढला. चढताना दोनदा थांबला, ओझं असल्यासारखा. ती पुढे, तो मागे, दोघं जवळजवळ धावतच बाहेर पडले.

अंगणात लख्ख ऊन होतं. पलीकडे मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. त्याने मोठा श्वास घेतला, जरा हसला. मग खालच्या आवाजात म्हणाला,

"आता सोड की माझा हात. मुली बघतायत."

तिने वही दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलेली होती.