माझा साचा चुकत नाही

त्या ताडपत्रीखाली काय आहे, असं विचारलंत ना? बसा, सांगतो. घाई करू नका, पेणला आलेल्या माणसाने घाई करायची नसते.

इथे गणपतीचे कारखाने उंबऱ्याउंबऱ्याला आहेत. पण सोंड बोटभर वाकडी गेली तर दारातूनच सांगणारा डोळा एकच, या दामूकाकाचा. बढाई समजलात तरी हरकत नाही. चाळीस वर्षांत माझा साचा एकदाही चुकला नाही.

महिपती माझ्याकडे दहा वर्षं होता. दोघांनी उचलायची मूर्ती तो एकटा उचलून टेम्पोत ठेवायचा. पुढे रोह्याला कंपनीत लागला, शिफ्ट सांभाळून व्यायामशाळेत जाऊ लागला, आणि जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत पहिला आला. मी अख्ख्या आळीत पेढे वाटले. ते खांदे माझ्या मूर्तींनी घडवलेले. छाती फुगणारच की माझी!

विसर्जन झालं की कारखाना ओकाबोका होतो. रिकाम्या फळ्या, रंगाचा वास, आणि आपल्याच पावलांचा आवाज. अशाच एका दुपारी महिपतीची बायको मैना आली.

"काका, तुमीच समजवा त्याला. भर उन्हाळ्यात दोन शर्ट घालून हिंडला. भावाच्या लग्नात मांडवात आला नाय, दंड बारीक दिसतात म्हने."

"बारीक? त्याचे?" मला हसू आलं.

"हसू नका. सुया घेतो तो, ताकदीच्या. डॉक्टर म्हनला, काळीज दमलंय, सुया बंद कर नायतर मरशील. पन त्याला आरसा खोटा, टेप खोटा, मी खोटी. म्हनतो, दामूकाकांचा साचा सांगंल ते खरं. साच्यात मोठा निघालो तर सुया बंद."

खरं सांगतो, त्या क्षणी मला तिच्या काळजीपेक्षा स्वतःचाच अभिमान जास्त वाटला.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरची गोणी घेऊन मी रोह्याची दुपारची गाडी पकडली. महिपतीने शर्ट काढला आणि मी बघतच राहिलो. काय ती छाती, काय ते दंड! मी खोबरेल तेल चोळलं, छातीवर आणि उजव्या हातावर प्लास्टर चढवलं, मधे काथ्या भरला. प्लास्टर घट्ट होताना तापतं. नवखा माणूस तर हाय-हुय करतो.

महिपती मात्र शहारला.

"काका... गार लागतंय."

"गार? आता तर चटका बसायला हवा."

"नाय... मधून वारा जातोय. प्लास्टर अंगाला लागतच नाय..."

मी बोटांनी दाबून पाहिलं. कुठेही फट नव्हती. म्हटलं, याच्या मनाचे खेळ.

पुढच्या रविवारी दोघं पेणला आली. आदल्या दिवशी मी साच्यात माल ओतून ठेवला होता. मैनाने देवाला नारळ बोलला होता. मी ऐटीत बाह्या सरसावल्या, साच्याच्या कडेवर हातोडी मारली आणि साचा उचलला.

आत फासळ्या होत्या. एक, दोन, तीन... मोजता येत होत्या. खांद्याची हाडं वर आलेली, छाती खोल गेलेली. हात म्हणजे चिव्याच्या बारीक बांबूची काठी.

बाजूला महिपती उभा होता. तोच आडवातिडवा, दार अडवणारा महिपती.

"काका, ह्ये कोनाचं?" मैना एक पाऊल मागे सरकली.

महिपती हसला. कित्येक महिन्यांनी हसला असेल. त्याची मान ताठ झाली.

"बघ गो. मी सांगत व्हतो का नाय?"

मैनाने माझ्याकडे पाहिलं. तिला एकच वाक्य हवं होतं. 'साचा चुकला.' एवढंच. कोणीही सहज म्हणालं असतं. पण आमच्या धंद्यात ते वाक्य जिभेवर आलं की नाव गेलं. मी साच्याची कड तपासत बसलो, आणि ती दोघं निघून गेली.

सुया दुप्पट झाल्या. दिवाळीच्या आधी व्यायामशाळेतच तो कोसळला.

गडबला, त्याच्या गावी, मी खांदा द्यायला गेलो. एवढ्या मोठ्या गड्याला उचलायचं म्हणून आम्ही चौघांनी श्वास रोखून जोर लावला. तिरडी झटकन वर आली. एखादं रिकामं सूप उचलावं तशी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. स्मशानापर्यंत कोणी खांदा बदलला नाही, तशी गरजच पडली नाही.

परत आल्यावर मैना म्हणाली, "काका, येक शबुद बोलला असतात तर..." ते अर्धं वाक्य माझ्या उरात अजून सलतं.

साचा मी फोडला. पुतळा मात्र फोडवेना, तो ताडपत्रीखाली आहे. धंदा चालूच आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "काका, पोट काय गोल जमलंय बाप्पाचं!" मी मान डोलावतो. पण रंगाच्या आधी त्या पोटावरून हात फिरवला की माझ्या बोटांना फासळ्या लागतात. दर मूर्तीला. कोणाला सांगितलं नाही, आज तुम्हालाच सांगतोय.

ताडपत्री काढू म्हणता? काढतो. आधी जरा उजेडात सरका. तुमचा हात द्या बघू इकडे...

माझा डोळा चुकत नाही हो. मघाशी या दारातून आत आलात, तेव्हा तुम्ही एवढे रोड नव्हतात.